शब्दाखाली आलेलं उत्तर टिपा: तरुणांच्या बोलीचा संग्रह करताना

गोव्यात डिचोलीच्या बाजूला उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: अकरावीच्या मुलांकडून 'सोशल मीडियावरची आमची भाषा' असा प्रकल्प करून घेते आहे. शब्द ढीगभर जमले. पण एकाच शब्दाचा अर्थ पाच मुलं पाच प्रकारे सांगतात, आणि जूनमध्ये कौतुकाने वापरलेला शब्द ऑगस्टमध्ये चिडवायला वापरतात. मग वहीत खरा अर्थ कोणता लिहायचा?

पाचही मुलं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. घोळ होतो तो 'याचा अर्थ काय?' या प्रश्नामुळे. असं विचारलं की मूल त्या क्षणी व्याख्या तयार करतं: बाईंसमोर सांगण्याजोगी, थोडी सोवळी, नाहीतर सरळ इंटरनेटवरून उचललेली. ते स्वतः तो शब्द कुठे आणि कुणाला वापरतं, हे त्या व्याख्येत येतच नाही. म्हणून अर्थ ठरवायचं काम शेवटी ठेवा आणि आधी वापर टिपा. कोशासाठी नवे शब्द नोंदवताना आम्ही हेच करतो, आणि ही पद्धत अकरावीच्या वर्गाला सहज पेलते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. संग्रह शाळेच्या वार्षिकात छापायचा आहे की फक्त गुणांसाठी आहे? मुलांच्या घरी कोकणी आहे, मराठी आहे की कन्नड-हिंदी? वर्गात मुली किती? शब्द फक्त क्रिकेट-फुटबॉलवाल्या मुलांच्या ग्रुपमधून गोळा केले तर हाती येते ती त्या ग्रुपची बोली, वर्गाची नव्हे. हे आधी तपासून घ्या.

आता मूळ कृती. प्रत्येक नोंदीला तीन ओळी घ्यायच्या: शब्दाच्या आधीची ओळ, शब्द असलेली ओळ आणि तिला आलेलं उत्तर. तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची, कारण ऐकणाऱ्याने शब्द कसा घेतला ते तिथे दिसतं. नमुन्यादाखल रचलेले दोन संवाद बघा.

'दादाने ट्युशन सोडली, एकटाच अभ्यास करतोय.' 'सिग्मा.' 'हो ना, मला नाही जमायचं.'

'उद्या टेस्ट आहे, सरांनी आत्ताच सांगितलं.' 'सर सिग्मा.' 'गप रे, माझे दोन धडे राहिलेत.'

पहिल्यात कौतुक आहे, आणि उत्तर देणाऱ्यानेही ते कौतुक म्हणूनच घेतलं. दुसऱ्यात तोच शब्द टोमणा आहे. 'गप रे' नसतं तर ते तुम्हाला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. नुसती मधली ओळ वहीत आली असती तर दोन्ही नोंदी सारख्याच दिसल्या असत्या, आणि मग मुलं भांडत बसली असती.

यानंतर बदलून बघण्याची चाचणी करा. शब्दाच्या जागी साधा मराठी शब्द घाला: 'भारी', 'हट्टी', 'खोटं', जे जुळेल ते. खालचं उत्तर तसंच शोभत असेल तर अर्थ सापडला. शब्द पूर्ण काढून टाकूनही संवाद तसाच चालत असेल, तर तो शब्द आता फक्त सूर उरला आहे. अशा नोंदीत ओढूनताणून अर्थ लिहू नका. 'अर्थ नाही, हसण्याची खूण' एवढंच लिहा. 'सिक्स-सेव्हन' हे याचं ठळक उदाहरण. एका अमेरिकन रॅप गाण्यातून आणि बास्केटबॉलच्या व्हिडिओंतून ते पसरलं, आणि डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ चा शब्द म्हणून ते निवडलं. मुलाला याचा अर्थ विचारला आणि त्याला तो सांगता आला नाही, तर त्याचं काही चुकलेलं नाही.

'सिग्मा'वर जरा जास्त थांबते, कारण पाच मुलांचे पाच अर्थ कसे होतात ते या एका शब्दात नीट दिसतं. पुरुषांची अल्फा, बीटा अशी प्रतवारी लावणाऱ्या अमेरिकन ब्लॉगलेखनात २०१०च्या सुमारास 'सिग्मा मेल' आला. उतरंडीच्या बाहेर राहणारा, कुणाच्या शाबासकीची गरज नसलेला एकटा पुरुष, असा त्याचा अर्थ. त्या लेखनात बायकांविषयीची तुच्छताही भरपूर होती. पुढे २०२१च्या आसपास त्याच कल्पनेची टर उडवणारे मीम्स निघाले. चित्रपटातल्या नायकाची संथ चाल, मागे जोरदार संगीत. नंतरच्या शाळकरी मुलांनी ते पहिलं लेखन पाहिलेलंच नाही. त्यांनी शब्द घेतला तो मीममधून, आणि तोही टर वगळून. त्यांच्या लेखी सिग्मा म्हणजे भारी. हे तिन्ही थर आज एकाच वर्गात जिवंत असतात. एखाद्या मुलीला तो शब्द खुपतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाला ती शाबासकी वाटते, आणि दोघांकडेही आपापला पुरावा असतो.

'डेलुलू'चा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. कोरियन पॉप संगीताच्या चाहत्यांमध्ये 'डिल्यूजनल'चं (भ्रमात असलेल्याचं) हे लाडिक रूप निघालं, ते चिडवायला: आवडता कलाकार आपल्याशीच लग्न करणार असं खरोखर मानणाऱ्या चाहतीसाठी. मग मुलींनी तो स्वतःवरच ओढून घेतला, 'मी डेलुलू आहे, असू दे' अशा थाटात, आणि त्याला हिमतीचा सूर आला. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत विरोधकांना टोला मारायला हाच शब्द वापरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंब्रिजच्या शब्दकोशाने त्याची नोंद केली. चिडवणं, स्वतःची बाजू घेणं, पुन्हा दुसऱ्याला टोमणा असा हा फेरा आहे. तुमच्या मुलांपैकी कोण या फेऱ्यातल्या कुठल्या टप्प्यावर शब्दाला भेटलं, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

मराठीतून उदाहरण हवं तर 'गुलीगत' घ्या. सूरज चव्हाणच्या टिकटॉक व्हिडिओंतून 'गुलीगत धोका' घराघरांत गेलं. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केले आणि तोच प्रकार तिकडे वाहत राहिला. सुरुवातीच्या काळात या शब्दाखाली चेष्टाच जास्त दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सूरज बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन जिंकला, आणि त्याच शब्दाला आपलेपणा चिकटला. म्हणजे शब्द एकच, उच्चार एकच, पण २०१९ची कमेंट आणि २०२४ची कमेंट एका अर्थाखाली घालता येणार नाहीत. नोंदीवर तारीख नसेल तर हे कळायला मार्गच नाही.

अर्थ असा सरकणं भाषेला नवं नाही. वजनदार असलेलं 'भारी' आणि धोक्याचं 'खतरनाक' दोन्ही कौतुकाचे शब्द होऊन बसले, आणि आपण त्यावर थबकतसुद्धा नाही. व्याकरणाच्या तासाला शिकवतो तोच हा अर्थोत्कर्ष. मुलांना तिथेच जोडून दाखवा. आज फरक पडला आहे तो वेगात, आणि त्याला कारण आहे. पूर्वी शब्द एका टोळक्यातून दुसऱ्यात माणसांबरोबर जायचा, त्यामुळे सूरही बरोबर जायचा. आता छोटा व्हिडिओ अनोळखी माणसासमोर येतो तो मागचा-पुढचा संदर्भ नसताना. बघणारा शब्द घेतो, सूर आपल्या पदरचा घालतो. त्यातच एखाद्या जाहिरातीने किंवा घरच्या मोठ्यांनी तो उचलला की मुलं थट्टेच्या सुरात वळतात. म्हणून एक कळकळीची विनंती: संग्रह चालू असेपर्यंत हे शब्द तुम्ही वर्गात बोलून दाखवू नका. तुम्ही दोनदा 'रिझ' (समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी) म्हणालात की पुढच्या आठवड्यात येणाऱ्या नोंदींत 'रिझ'चा सूर बदललेला असेल, आणि तो बदल सोशल मीडियाने केला की तुम्ही, हे सांगता येणार नाही.

आता खास गोव्यातली गुंतागुंत. आपल्याकडची मुलं बहुतेक रोमन लिपीत लिहितात, आणि एकाच ग्रुपवर मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी एका श्वासात येतात. रोमन लिपी या भाषांमधल्या भिंती पाडते. 'भाव' या शब्दाची पूर्ण नोंद कशी दिसावी ते लिहून दाखवते:

शब्द: भाव. मूळ लिखाण रोमनमध्ये, स्पेलिंग दोन प्रकारची, एका 'ए'ने आणि दोन 'ए'नी.
वापर १: मित्राला हाक, कोकणी, म्हणजे भाऊ. 'भाव, खेळूंक येतलो?' उत्तर: 'पांच मिनटां.'
वापर २: लक्ष, महत्त्व, मराठी-हिंदी. 'तो आता भाव खातो.' उत्तर: 'सोड ना त्याला.'
वापर ३: दर; नेहमीचा मराठी अर्थ, बोलीत धरायचा नाही.
कोण कुणाला: वापर १ मुलगा मुलाला, वापर २ कुणीही, पण ज्याच्याबद्दल बोलणं आहे तो समोर नसताना.
माध्यम, लिहिल्याची तारीख, टिपल्याची तारीख, टिपणाऱ्याचा क्रमांक.

वापर १ आणि २ वेगळे काढण्याची खूण वाक्यातच आहे: हाक असेल तर शब्द वाक्याच्या टोकाला सुटा बसतो; लक्ष असेल तर मागोमाग 'देणे' किंवा 'खाणे' येतं. मुलांना अशी खूण स्वतः शोधायला लावा, ती त्यांना पटकन दिसते.

'सीन'मध्ये उलटं होतं. 'सीन काय आज?' म्हणजे बेत काय. 'सीन झाला' म्हणजे भानगड झाली. आणि 'तिने सीन करून ठेवलं' म्हणजे मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही. पहिले दोन ज्या इंग्रजी शब्दातून आले तो वेगळा, तिसरा वेगळा. रोमनमध्ये स्पेलिंगवरून ते कळतं, देवनागरीत आणल्याबरोबर दोन्ही एक होतात. म्हणून मूळ लिखाण ज्या लिपीत असेल त्याच लिपीत वहीत उतरवा आणि शेजारी देवनागरी लिहा. मुलं घाईत सगळं देवनागरीत आणतात आणि हा पुरावा हरवतो.

आपल्या मातीतला एक शब्द मात्र मी प्रत्येक वर्गाला घ्यायला सांगेन: 'सुशेगाद'. पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आलेला. निवांत, समाधानी असा त्याचा भाव. पर्यटकांच्या रील्सच्या कॅप्शनमध्ये तो बहुधा 'सुट्टीचा मूड' किंवा 'काम न करणं' एवढाच उरतो, आणि त्याच रीलखाली गोंयकार भांडताना दिसतात की आम्ही आळशी नव्हे. मुलांना २० कॅप्शन बाहेरच्यांच्या आणि २० इथल्यांच्या घ्यायला सांगा. प्रत्येकीखालची पहिली ३ उत्तरं टिपू द्या. एका गावाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेला की त्याचं काय होतं, हे त्यांना परक्या शब्दापेक्षा इथे लवकर उमगेल. तसंच, थापेला इन्स्टाग्रामवर 'कॅप' म्हणणारा मुलगा घरी आजीला 'फट' म्हणतो का, हेही विचारा. दोन्ही शब्द त्याच्या तोंडी टिकून असतील तर कोणता कुठे येतो, ही नोंद कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाची.

तारखांबाबत चुका फार होतात. यूट्यूबवर कमेंटखाली '२ वर्षांपूर्वी' असं सापेक्ष लिहिलेलं असतं. तुम्ही टिपल्याची तारीख लिहिली नाही तर पुढच्या वर्षी त्या 'दोन वर्षांपूर्वी'ला काही अर्थ उरत नाही. कमेंटी 'नवीन आधी' या क्रमाने लावून बघा. आपोआप वर दिसणाऱ्या लोकप्रिय कमेंटींवरून चालू वापर कळत नाही. रीलवर आवाजाच्या नावावर बोट ठेवलं की त्याच आवाजावर केलेले इतर रील्स दिसतात. एखादी ओळ कुठून कुठे गेली त्याचा मागोवा तिथे घेता येतो, पण 'मूळ ऑडिओ' असं लिहिलेला पहिलाच असतो असं समजू नका. दुसऱ्याचा आवाज पुन्हा चढवणारे पुष्कळ आहेत. गूगल ट्रेंड्समध्ये गोवा राज्य निवडता येतं, मात्र आपली लोकसंख्या लहान असल्यामुळे कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दासाठी ते रिकामं येतं. रिकामं आलं म्हणजे शब्द इथे वापरात नाही, असं लिहू नका. रोमन आणि देवनागरी वेगवेगळे शोधा.

इमोजी सोडू नका. कवटीची इमोजी मुलांच्या लेखी 'हसून मेलो'. पालकांच्या लेखी मरण. तीच पद्धत लावा: आधीची ओळ, इमोजी, उत्तर.

आता दोन गोष्टी ज्यांत ढिलाई चालणार नाही. पहिली, अपमानाचे शब्द. 'छपरी' मुलं सर्रास वापरतात: रंगवलेले केस, दुचाकीवरचे स्टंट, स्वस्त फॅशन यांची टिंगल करायला. छप्पर शाकारणाऱ्या छप्परबंद समाजाशी या शब्दाचा संबंध जोडला जातो, आणि व्युत्पत्ती बाजूला ठेवली तरी त्याचा रोख गरिबाच्या राहणीवरच असतो. 'घाटी' आपल्याकडे घाटापलीकडून कामाला आलेल्या माणसाला हिणवायला वापरतात, आणि तुमच्याच वर्गात त्या घरातलं मूल बसलेलं असू शकतं. हे शब्द संग्रहातून गाळू नका, पण प्रत्येकावर 'अवमानकारक' असा शिक्का मारा, कुणाला दुखावतो ते एका वाक्यात लिहा आणि उदाहरण छापू नका. 'आम्ही मस्करीत म्हणतो' असं मुलं म्हणतील. तेही नोंदवा, कारण वापरणाऱ्याचा सूर आणि ऐकणाऱ्याला झालेली इजा या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

दुसरी याहून गंभीर. प्लॅटफॉर्मची छाननी चुकवायला काही शब्द मुद्दाम बदलले गेले. आत्महत्या किंवा खून म्हणायचं तिथे 'अनअलाइव्ह' हे टिकटॉकवर रुळलं आणि तिथून साध्या बोलण्यात आलं. मूल तो शब्द गेममधल्या मरणासाठीही वापरतं, कंटाळ्यासाठीही, आणि कधी खरंच स्वतःबद्दल. हा शब्द स्वतःबद्दल वापरलेला, खाली हशा नसलेला, किंवा पुन्हा पुन्हा आलेला दिसला तर ती नोंद राहू द्या बाजूला. त्या मुलाशी एकटं बोला, शाळेच्या समुपदेशकाला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की असं काही दिसलं तर वहीत नाही, आधी बाईंकडे यायचं.

खाजगी ग्रुपचे स्क्रीनशॉट घेऊ नका. मूल स्वतःच्या ग्रुपमधली ओळ हाताने उतरवेल, नावं आणि फोटो वगळून, आणि जिने-ज्याने ती लिहिली त्याला विचारून. १८ वर्षांखालच्या मुलांचं लिखाण छापायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या.

किती आणि कसं, ते थोडक्यात. ४ ते ५ मुलांचे गट करा, प्रत्येक गटात मुलगे आणि मुली दोन्ही, घरची भाषा शक्यतो वेगवेगळी. प्रत्येक गटाला ५ शब्द. जास्त दिले की नोंदी उथळ होतात. प्रत्येक अर्थासाठी किमान ३ उदाहरणं, ३ वेगळ्या माणसांची, त्यातलं निदान १ वर्गाबाहेरचं. एकाच मुलाची तीन उदाहरणं ही एकच नोंद धरा. ३ मिळाली नाहीत तर अर्थ 'अपुरा पुरावा' या खणात ठेवा, फेकू नका. पहिली फेरी चवथीच्या सुट्टीआधी संपवा, दुसरी नाताळच्या सुट्टीआधी, आणि दुसऱ्या फेरीत गटांनी शब्द अदलाबदल करावेत, म्हणजे आपलीच जुनी नोंद पुन्हा खरी ठरवण्याचा मोह होत नाही. दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी छापा: डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी, प्रत्येकीवर महिना आणि वर्ष. जिथे दोन्ही बाजू जुळणार नाहीत तिथे कुठलीही खोडू नका. वार्षिकात जागा कमी पडली तर शब्द कमी करा, तारखा नव्हे.